पातं कोणी वळवलं?

१

चित्र चोरीला गेलं असतं तर मला समजलं असतं. चोराला काय हवं असतं हे शिकण्यात माझी पोलिसातली उभी नोकरी गेली. पण माझ्या भाचीच्या कलादालनातलं ते चित्र जागच्या जागी होतं, चौकट शाबूत होती आणि दाराचं कुलूपही कोणी फोडलं नव्हतं. कोणीतरी आत येऊन चित्रातल्या पवनचक्कीची चार पाती आभाळाच्या रंगाखाली बुजवली होती आणि तीच पाती जराशी वळवून पुन्हा काढून ठेवली होती. बाकी कशाला बोटही लावलं नव्हतं.

"एवढ्यासाठी मला बोलावलंस?" मी म्हणाले. "आधी वरचं पातं उजवीकडे कललेलं होतं, आता डावीकडे कललंय. त्यात कोणाचं काय बिघडलं?"

"मावशी, तू जरा गप्प बस गं," भाची म्हणाली आणि रडायला लागली.

माझ्या बहिणीची ही मुलगी लहानपणी गुडघा फुटला तरी रडत नसे. आता ती या दालनाची प्रमुख होती, चष्म्यावरून बघून लोकांना घाम फोडायची. तेव्हा मी खरंच गप्प बसले आणि चित्र पाहू लागले. चित्रातलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. करडं आभाळ, खाली कालवा, काठावर काळपट लाकडी चक्की. चक्कीच्या टोपीसारख्या छपरापासून एक लांब तिरकं लाकूड आपल्या बाजूला जमिनीपर्यंत उतरलेलं. पात्यांची फुली मोठी होती, पण चारही पाती जिथे जोडलेली असतात तो मधला जोड टोपीआड लपलेला होता. रंग अजून ओला होता आणि खोलीभर टर्पेंटाइनचा वास कोंडला होता.

काल दालनाला सुट्टी होती. आज सकाळी भाचीनं दार उघडलं तेव्हा तो वासच आधी नाकात शिरला, मग तिनं चित्र पाहिलं.

"किल्ल्या किती?" मी विचारलं.

"दोन. एक माझ्याकडे, दुसरी त्याच्याकडे."

तो म्हणजे दालनातली जुनी चित्रं दुरुस्त करणारा. हे चित्र ज्या चित्रकारानं काढलं, त्या गेल्या हिवाळ्यात वारलेल्या म्हाताऱ्याचा तो एकुलता एक शिष्य.

"उद्या विश्वस्तांची बैठक आहे. मला त्याचं नाव द्यावं लागेल आणि ते पोलिसांना बोलावतील. ज्यानं चित्र बिघडवलं त्याला पुन्हा कुठलंही दालन दारात उभं करत नाही. म्हणून म्हटलं, आधी तू बघ."

"तो काय म्हणतो?"

भाचीनं डोळे पुसले. "मी विचारायच्या आधीच म्हणाला, 'मी केलं.'"

२

कबुली मिळाली की वरिष्ठ खूश व्हायचे आणि मी फाइल पुन्हा पहिल्यापासून वाचायला घ्यायचे. न मागता मिळालेली कबुली म्हणजे फुकटची भाजी, कुठेतरी किडकी निघतेच. मी भाचीला म्हणाले, "त्याच्याकडे नंतर जाऊ. आधी मला या चित्रात एवढं काय आहे ते सांग. सोपं सांग."

सोपं सांगणं तिला जमत नाही, पण तिनं प्रयत्न केला. निसर्गचित्रात पवनचक्की नुसती शोभेसाठी नसते, म्हणे. पात्यांची फुली म्हणजे माणसाच्या खांद्यावरचं ओझं. वारा म्हणजे श्वास, तो आपल्या हातात नाही, येईल तेव्हा येईल. फिरती पाती म्हणजे नशीब, आज वर असलेला उद्या खाली.

"आणि थांबलेली?"

"तीच तर खरी गंमत आहे," ती म्हणाली आणि तिच्या आवाजात पुन्हा जीव आला. "चक्कीवाले चक्की थांबवताना पाती कशी ठेवायची यालाही अर्थ देतात. वरचं पातं माथ्यावर पोचायच्या जरा आधी थांबवलं की समजायचं, घरात कोणीतरी येतंय. बाळ, सून, लांबचा मुलगा. माथा ओलांडून जरा पुढे गेल्यावर थांबवलं, तर घरातलं कोणीतरी गेलं. लांबून पाहणाऱ्याला कळतं. आपल्याकडच्या चक्क्या समोरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतात, म्हणजे पातं माथ्यावरून उजवीकडून डावीकडे जातं. उजवीकडे कललेलं पातं अजून यायचंय, डावीकडे कललेलं निघून गेलंय."

"म्हणजे तुझं चित्र स्वागताचं होतं."

"होतं! आणि कधी काढलं माहितीय? त्याच वर्षी, त्यांचा तरणाताठा मुलगा कालव्यात बुडून गेला तेव्हा. एवढ्या दुःखातही त्या माणसानं 'येतंय' म्हणणारी चक्की काढली. मी यावर पुस्तक लिहिलंय, मावशी. मधला जोड लपवलाय बघ, येणारा कुठून येतो ते कळत नाही म्हणून. पुढच्या आठवड्यात हे चित्र दर्शनी भिंतीवर लावणार होतो, खाली 'स्वागत' असं लिहून. पडदा काकूंच्या हातून उघडणार होतो."

काकू म्हणजे चित्रकाराची बायको. शिष्यानं या बेताला कडाडून विरोध केला होता. सगळ्यांसमोर म्हणाला होता की ते चित्र तसं नाही. भाचीही मग चिडली होती.

"मी म्हटलं, आधी स्वतःचं आभाळ सुधार. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली शिकलास आणि तुझं आभाळ म्हणजे भिंतीला दिलेला चुना. खरंच आहे ते, त्याला सगळं येतं, आभाळ तेवढं येत नाही. पण मी तसं बोलायला नको होतं. त्याचा सूड घेतला त्यानं. स्वागताचं सुतक करून ठेवलं."

मी ओल्या रंगाकडे पाहिलं. जुनी पाती बुजवायला घातलेलं आभाळ जुन्या आभाळात असं मिसळलं होतं की नाक टेकवूनही सांधा सापडत नव्हता.

"आणि हे आभाळ?" मी विचारलं.

भाचीनं चष्मा वर सरकवला, वाकून पुन्हा पाहिलं आणि नाव ठेवायचं तिचं राहूनच गेलं.

३

शिष्य तळघरातल्या कामाच्या खोलीत होता. चाळिशी उलटलेला, वाकून वाकून खांदे पुढे आलेला माणूस. टेबलावर कापसाचे बोळे, काड्या, लहान लहान बाटल्या, सगळं आरशासारखं लख्ख.

"तुम्ही त्यांच्या मावशी ना?" तो म्हणाला. "मी सांगितलंय त्यांना. मीच केलं. तुमचा वेळ फुकट जाईल."

"माझा वेळ आता फुकटचाच असतो, पेन्शनीत. कशानं रंगवलंस?"

"तैलरंगानं."

"इथे तर तैलरंगाची एक ट्यूब दिसत नाही."

"फेकून दिल्या."

"नेहमी काय वापरतोस?"

कामाचा प्रश्न आला आणि तो जरा सैल झाला. त्याचे रंग पाण्यानं निघणारे होते. "आमच्या धंद्यात पहिली शिकवण तीच. आपण जे लावू ते उद्या दुसऱ्याला मूळ चित्राला धक्का न लावता पुसता आलं पाहिजे. चूक झाली तर चूक आपली, चित्र त्यांचं."

"मग रागाच्या भरात शिकवण विसरलास?"

"हो."

"राग आलेला माणूस चित्र फाडतो. तू आधी ब्रश धुतलेस, मग आभाळ जुळवलंस, मग पाती मोजूनमापून काढलीस. फार शांत राग आहे तुझा. बरं, आभाळ कसं जुळवलंस ते सांग. कुठला रंग कशात घातलास?"

त्याचे कान लाल झाले. मी तिथे बराच वेळ बसले, वेगवेगळ्या तऱ्हेनं तेच विचारलं, पण त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली होती. हा हात उद्या कायमचा रिकामा होणार, हे त्यालाही कळत होतं. हातात धरलेला कापूस तो उगीच पिंजत होता.

मी जायला उठले तेव्हा मात्र तो घाईघाईनं म्हणाला, "एक विनंती आहे. आईंना यातलं काही विचारू नका. त्यांची तब्येत बरी नसते."

"तुझ्या आईचा काय संबंध?"

"माझी आई लहानपणीच गेली. मी काकूंना आई म्हणतो. त्यांच्याच घरी जेवून मोठा झालो."

कबुली दिलेला माणूस स्वतःसाठी काहीतरी मागतो, दया तरी, वकील तरी. यानं जे मागितलं ते दुसऱ्यासाठी होतं.

४

थेट काकूंकडे गेले नाही. ज्याला लपवायचंय त्याच्या दारावर सगळ्यात शेवटी थाप मारावी. आधी चक्की पाहू म्हटलं. ती अजून चालते, आणि जुन्या चक्कीवाल्याची मुलगी चालवते.

मी पुलावर उभी राहिले. सगळे हौशी लोक तिथूनच चक्की बघतात. वारा होता, पाती फिरत होती, आणि भाची म्हणाली तशीच, उजवीकडून डावीकडे. मधला जोड समोर स्वच्छ दिसत होता. गरगर पाहून डोकं हलकं झालं म्हणून मी खाली उतरले.

चक्कीवाली पोती शिवत बसली होती. उंच, हाडापेरानं मजबूत, केस पिकलेले. लग्न केलेलं नाही, हे मला भाचीनं सांगितलं होतं.

"चित्राबद्दल असेल तर मला काही माहीत नाही," ती म्हणाली. "मी ते पाहिलेलं नाही."

"इतकं नावाजलेलं चित्र, तुमच्याच चक्कीचं, आणि पाहिलं नाही?"

"पाहणारही नाही. ज्या दिवशी काढलं तो दिवस मला पाठ आहे." तिनं दोरा दातानं तोडला. "बाबांना काकूंचा मुलगा त्या सकाळी बंधाऱ्यापाशी सापडला. आमचं लग्न ठरलं होतं. बाबा आधी पाण्यात उतरले, त्याला काठावर ठेवलं, मग चक्कीपाशी आले आणि मग त्याच्या घरी सांगायला गेले. पाय उचलत नव्हते त्यांचे."

मी म्हणाले, "त्याच दिवशी चित्र काढलं? तो गेला त्याच दिवशी?"

"त्याच सकाळी. काका-काकूंना कळायच्या आधी. ती समोरची खिडकी, तिथे दोघं बसायची. काका रंगवायचे, कंटाळले की उठायचे, मग काकू बसायच्या. काका मुळातले इथले नव्हते. काकू मात्र आमच्यातल्याच, चक्कीवाल्यांच्या घरातल्या." एवढं बोलून तिनं पुन्हा सुई उचलली. आपण जास्त बोललो असं तिला वाटलं असावं. पुढे मी काय काय विचारलं, पण तिनं ताकास तूर लागू दिली नाही.

निघताना वारा तोंडावर येऊ नये म्हणून मी चक्कीच्या मागच्या अंगानं वळले आणि एका लांब लाकडाला अडखळले. टोपीपासून तिरका खाली उतरलेला दांडा होता तो.

"सांभाळून," चक्कीवाली ओरडली. "तो धरूनच टोपी वाऱ्याकडे वळवतात. पाती एका बाजूला, दांडा नेहमी त्यांच्या पाठीमागे."

मी वर पाहिलं. इथून पात्यांचा जोड दिसत नव्हता, टोपीआड गेला होता. आणि पाती माथ्यावरून डावीकडून उजवीकडे चालली होती.

मी तशीच त्या दांड्याला धरून उभी राहिले.

५

"पुस्तक बाजूला ठेव," मी भाचीला म्हणाले, "आणि चित्र बघ. हे तिरकं लाकूड काय आहे?"

"टेकू. जुनी इमारत आहे म्हणून—"

"टेकू नाही. दांडा आहे. तो चक्कीच्या पाठीमागे असतो आणि चित्रात तो आपल्याकडे आलाय. मधला जोड त्यानं काही गूढ म्हणून लपवलेला नाही गं, मागून तो दिसतच नाही. त्या सकाळी वारा पलीकडून होता, टोपी पलीकडे वळलेली होती, आणि म्हाताऱ्यानं खिडकीतून चक्कीची पाठ रंगवली. जसं दिसलं तसं."

भाची हुशार आहे, म्हणूनच तिचा चेहरा आधी उतरला. घड्याळ मागून पाहिलं तर काटे उलटे फिरतात, एवढी साधी गोष्ट. मागून पाहिलं तर उजवीकडे कललेलं पातं यायचं नसतं, ते निघून गेलेलं असतं.

"म्हणजे मूळ चित्र..." ती खुर्चीत बसली. "मूळ चित्र सुतकाचं."

"त्याच्या स्वतःच्या मुलाच्या. चक्कीवाल्यानं पोरगं काठावर ठेवलं, पाती सुतकावर लावली आणि मग सांगायला निघाला. तो दारात पोचेपर्यंत बाप खिडकीत बसून ती पाती रंगवत होता. तो परगावचा, त्याला ही भाषाच येत नव्हती."

भाचीनं तोंडावर हात धरला. मला तिची दया आली. इतकी वर्षं तिनं मनापासून जे सांगितलं, ते लोकांनी मनापासून ऐकलं, आणि चक्कीवाल्यांच्या घरांतून एकानंही तिला टोकलं नाही. का टोकलं नाही हे तिला आता कळत होतं. टोकायचं तर एका बाईच्या देखत तिच्या मुलाचं मरण काढावं लागलं असतं.

"आता उलट विचार कर," मी म्हणाले. "काल ज्यानं पाती वळवली त्यानं स्वागताचं सुतक केलेलं नाही. सुतकाचं स्वागत केलंय. सूड घेणारा असं करत नाही. शिष्याच्या हाताला पुसता येणाऱ्या रंगाची सवय, आणि हा तैलरंग. त्याचं आभाळ चुन्यासारखं, आणि या आभाळाला तू स्वतः नाव ठेवू शकली नाहीस. त्यानं रंगवलेलं नाही. त्यानं फक्त किल्ली फिरवली, आणि आता कोणासाठी तरी सुळावर चढायला निघालाय. तूच सांग, म्हाताऱ्याच्या चित्रांमधली आभाळं कोण भरायचं?"

"काका स्वतःच. सही त्यांची आहे."

"सही खाली कोपऱ्यात असते गं, आभाळात नाही," मी म्हणाले आणि पर्स उचलली.

६

काकूंनी दार उघडलं आणि मला खिडकीजवळची खुर्ची दिली. समोर कालवा आणि चक्की. म्हातारी बारीक, ताठ, केस घट्ट बांधलेले. तिच्या नखांच्या कडेला करडा रंग राहिला होता, आणि तिनं तो लपवायचा प्रयत्न केला नाही.

"त्याला सोडा," ती म्हणाली. "पोरानं फक्त दार उघडून दिलं. मी म्हटलं, सुट्टीच्या दिवशी मला थोडा वेळ चित्रापाशी एकटीला बसू दे, यांची आठवण येते. खोटं बोलले मी त्याच्याशी. रंगाचा डबा पिशवीत होता. संध्याकाळी न्यायला आला तर बघतच राहिला. रंग ओला होता, तेव्हाच पुसला असता तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण त्याच्याच्यानं पुसवेना."

"आभाळ तुम्ही भरायचात."

"यांना आभाळाचा कंटाळा. म्हणायचे, वर काही नसतंच, तूच कर." ती किंचित हसली. "वाईट नव्हते हो. रंगात असले की त्यांना हाक मारलेली चालायची नाही, एवढंच."

मग ती त्या सकाळचं सांगू लागली. माझ्याकडे न बघता, खिडकीकडे बघून.

"मी चहा घेऊन यांच्या मागे उभी होते. चक्की थांबलेली, हे पाती काढत होते. आणि बघता बघता वरचं पातं हललं. सावकाश माथ्यावरून पलीकडे गेलं आणि थांबलं. हे वैतागले. म्हणाले, हलवली की यांनी! आणि काढलेलं खरवडून पुन्हा काढायला बसले, नव्या जागी. मी चक्कीवाल्याची लेक. मला एका नजरेत कळलं, कोणीतरी गेलं. मनात म्हटलं, अगं बाई, कोणाचं गेलं असेल? या चक्कीवाल्यांची म्हातारी आई आजारी होती, वाटलं तीच गेली. वाईट वाटलं मला. चहा ठेवला आणि विचार करत बसले, भेटायला कधी जावं, सोबत काय न्यावं." ती थांबली. "दुसऱ्याच्या घरचं म्हणून हळहळत होते मी. आणि हे शीळ घालत होते."

खून, दरोडे पाहून माझं मन निबर झालंय असं मी समजत होते, ते तेव्हा तिथे खोटं ठरलं. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

"त्यांना कधी सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? की तुम्ही आपल्या पोराचं मरण इतकं सुंदर काढलंत? त्यांचा हात कायमचा थांबला असता. नाही सांगितलं. चित्र त्यांना घरात नको होतं, दालनाला दिलं. मग तुमच्या भाचीनं ते स्वागताचं आहे म्हणून लिहिलं. हे खूश झाले, म्हणाले, बघ, आपलं पोरगं गेलं त्या दिवशीही माझ्या हातून चांगलंच निघालं. तेवढाच आधार होता त्यांना. मग लोक मला वाटेत थांबवून सांगायचे, काकू, काय स्वागताचं चित्र आहे हो. मी हसायचे. इतकी वर्षं हसले. हे होते तोवर हसणं चाललं. आता हे नाहीत, आणि मला म्हणे पडदा उघडायचा. सगळ्यांसमोर, माझ्या हातानं."

"म्हणून तुम्ही ते वळवलंत."

"सगळे म्हणतात ना, येतोय. मग म्हटलं, येऊ दे. एकदा तरी खरंच येऊ दे." तिनं मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले. "आणि आज सकाळपासून सगळे म्हणताहेत, कोणीतरी चित्राचं सुतक करून ठेवलं."

७

बैठकीत काकू स्वतः गेल्या आणि स्वतः बोलल्या. भाचीनं आधी उभं राहून सांगितलं की पुस्तकात चूक आहे आणि ती तिची आहे. तिनं एकही शब्द गिळला नाही. विश्वस्तांमधला सगळ्यात कडक म्हातारा चष्मा काढून पुसत बसला आणि म्हणाला की पोलिसांना बोलावण्यासारखं इथे काही घडलेलं नाही. शिष्याची नोकरी राहिली. पडदा आणि 'स्वागत' दोन्ही रद्द झालं.

चित्राचं काय करायचं, हे मात्र ठरायचं होतं. भाची म्हणाली, काकू, तुम्ही सांगाल तसं. राहू द्यायचं असेल तर राहू दे, मी जबाबदारी घेते. मला वाटलं म्हातारी हो म्हणेल. कोणीही म्हटलं असतं.

"नको," काकू म्हणाल्या. "ते यांचं चित्र आहे. यांना जे दिसलं ते यांनी काढलं. माझं आभाळ मी माझ्या हातानं घातलं, आता पुसून टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी, दालन उघडायच्या आधी, शिष्यानं चित्र भिंतीवरून उतरवून लाकडी घोडीवर ठेवलं. काकू शेजारी स्टुलावर बसल्या. भाची आणि मी मागे उभ्या होतो. चक्कीवालीही आली होती, पण ती दाराच्या आत आली नाही.

तो कापसाचा बोळा बाटलीत बुडवायचा, अगदी हलक्या हातानं फिरवायचा आणि टाकून द्यायचा. आधी त्यानं काकूंनी घातलेलं आभाळ पुसायला घेतलं. करडा रंग कापसावर येत गेला आणि खालचं जुनं पातं हळूहळू वर आलं, काळं, आखडलेलं, माथ्याच्या पलीकडे उजवीकडे कललेलं. काकूंचं नवं पातं अजून डावीकडे तसंच होतं. एकाच चक्कीला वरची पाती दोन झाली होती, एक येणारं आणि एक गेलेलं.

तिथे त्याचा हात थांबला. त्यानं बोळा ठेवला आणि मान खाली घातली. "आई, उद्या करू?" तो म्हणाला. "बाकीचं उद्या करू."

"उद्यापर्यंत वाळायला लागेल," काकू म्हणाल्या. "मग निघायचं नाही, आणि खालचं यांचं काम खराब होईल. तूच शिकवलंस ना मला." त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "पूस, बाळा."

त्यानं नवा बोळा घेतला आणि पुसलं. येणारं पातं टोकाकडून निघत गेलं आणि शेवटी काही उरलं नाही. काकू वाकून बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "गेला," आणि मोठ्यानं रडायला लागल्या. शिष्यानं त्यांना धरलं. दारातली चक्कीवाली तेव्हा आत आली, चित्राकडे न पाहता सरळ त्यांच्याजवळ गेली आणि जमिनीवर बसली.

भाचीनं त्या दिवशी दालन उघडलंच नाही.